खूर की खड्डा

पुंजाजी, तू गेलास त्याच्या चौथ्या दिवशी वाचनालयाचे चिटणीस आले. अंकासाठी तुझ्यावर दोन पानं लिहून द्या म्हणाले. आणि उठता उठता, "जरा हसतं-खेळतं येऊ द्या वकीलसाहेब, तुमच्या पद्धतीनं. पुंजाजीचे किस्से तुमच्याइतके कोणाजवळ नाहीत." मी मान डोलावली. ते गेल्यावर दौत उघडून बसलो, तेव्हा लक्षात आलं की तुझे किस्से माझ्याजवळ आहेत, कारण ते मी केले. तू नुसता खेळत होतास.

अंक निघून गेला. माझी दोन पानं त्यात नाहीत. ही पानं त्यांना द्यावीत की नाही हे अजून ठरलेलं नाही, पण तुला उद्देशून लिहितो आहे, म्हणजे निदान खोटं लिहायची सोय उरत नाही. तुझं घराणं, तुझी बाग, तुझी वांगी यांबद्दल ज्याला माहिती हवी त्याने वाशीमच्या बाजारात कोणालाही विचारावं. मला तुझ्याशी एका खळग्याबद्दल बोलायचं आहे.

सुरुवात माझ्या चेष्टेपासून झाली, हे आधी कबूल करतो. तो लांब पायांचा, लाल कानांचा साहेब सबडिव्हिजनवर आला आणि त्याला आपल्या देशातल्या गोल्फची आठवण छळू लागली. बंगल्यामागच्या माळावर त्याने सात होल आखून घेतले. नवाला दोन कमी पडत होते, आणि त्या दोन होलांच्या वाटेत तुझ्या बागेच्या शेवटचा मुरमाड पट्टा येत होता. तू माझ्या ओट्यावर येऊन बसलास.

"वकीला, साहेब माहा मुरूम मांगून राह्यला. तथी कुसळ उगवत नाई. त्याले काय पेराचं असन?"

"चेंडू."

"उगवतात?"

"नाही. हरवतात."

तू बराच वेळ हसलास. मग मी त्या पट्ट्याचा करारनामा लिहिला, आणि साहेबाच्या सोवळ्याची परीक्षा पाहावी म्हणून शेवटी एक कलम घातलं: जमीनमालकास व त्याच्या एका सोबत्यास सदर मैदानावर तहहयात खेळण्याचा हक्क राहील. साहेबाने तर्जुमा वाचला, त्याचे कान आणखी लाल झाले, पण त्याला नऊ होल हवे होते. त्याने सही केली. कोर्टातल्या वकिलांच्या बाररूममध्ये ही गोष्ट मी महिनाभर वाढत्या मसाल्याने सांगितली.

आणि मग एका रविवारी, भाजीची गाडी बाजारात पोचवून, तू माझं दार वाजवलंस.

"चाल."

"कुठे?"

"कागदात लिहेल हाय ना, एक सोबती. मले दुसरा कोन हाय?"

असा मी त्या खेळात ओढला गेलो. खेळलो कधीच नाही. माझ्या हाती तुझं कार्ड आणि पेन्सिल. तुझे फटके मोजायचे, शेवटी सही करायची. या कामगिरीला मार्कर म्हणतात. आयुष्यात मला मिळालेला एवढा एकच हुद्दा, जो मिळवण्यासाठी कोणाला भेटायला जावं लागलं नाही.

ते मैदान नुसतं पाहूनही हसू येई. हिरवळ आमच्याकडे पोसत नाही, म्हणून प्रत्येक होलाभोवती वाळूत जुनं तेल कालवून गोल चोपडं आंगण केलेलं. साहेब त्याला ब्राऊन म्हणे, तू तेलाचं खळं म्हणायचास. तिथे चेंडू मारण्याआधी लाकडी फळी ओढून वाट सारखी करायची. फळी ओढण्यात तुझ्यासारखा सरळ हात साहेबाचाही नव्हता. वाफे आखणाऱ्या माणसाला ते कोणी शिकवावं?

साहेबाने जुन्या चार काठ्या तुला दिल्या. पुढे जाड डोक्याची, चेंडू उचलून टाकणारी जी निब्लिक, तिचा दांडा मोडला, तेव्हा तू सुताराकडून कुदळीला बसवतात तसा तिवसाच्या लाकडाचा दांडा बसवून आणलास. साहेबाने ती हातात घेतली, एकदा फिरवली, आणि काही न बोलता परत दिली. त्या दिवशी मला त्याच्याबद्दल पहिल्यांदा बरं वाटलं.

फटका कसा मारावा हे तुला पुस्तकातून कळण्यासारखं नव्हतं. साहेब दाखवी, तू बघत राहायचास, आणि घरी येऊन विहिरीच्या धावेवर मोटेच्या बैलांमागे चालताना ते तुला समजायचं. "मोटेसारखंच हाय वकीला. वर जाताना घाई केली तं पानी सांडते. भरू द्यावं, मंग सोडावं." मी हे वाक्यही बाररूममध्ये सांगितलं. तुझ्या आवाजात. फार हशा झाला.

बाजारात तुला कमी टोमणे बसले नाहीत. "काहो पुंजाजी, आज कांदे का चेंडू?" कोणी तराजूमागून विचारी. "ज्याले खेयता येत नाई त्याले कांदे," तू म्हणायचास आणि वजन करून द्यायचास, पुरेपूर.

हँडिकॅप म्हणजे काय हे मी तुला समजावून सांगितलं तो दिवस मला चांगला आठवतो. ज्याचा खेळ कच्चा, त्याला फटक्यांची सूट. तुला पहिल्या वर्षी चोवीस फटक्यांची सूट होती. खेळ सुधारेल तशी ती कमी करत जायची, आणि ज्याला एकाही फटक्याची सूट लागत नाही तो स्क्रॅच. शून्य. मैदानाकाठच्या साहेबाच्या खोपीत एक सागवानी पाटी होती, तिच्यावर शून्याला पोचलेल्यांची नावं रंगवायची. नाव एकच होतं, साहेबाचं. गावचे देशमुखही पहिल्यापासून खेळत होते. रावसाहेब होण्याच्या आशेने ते काठी छत्रीसारखी धरून साहेबाच्या नजरेच्या टप्प्यात उभे राहत. त्यांची सूट कधी कमी झाली नाही आणि ती कमी व्हावी असं त्यांना वाटलंही नाही.

तू ऐकून घेतलंस आणि म्हणालास, "मले सूट नको."

"सुरुवातीला सगळेच घेतात. साहेबानेही घेतली असेल."

"घेतो आता. पन मले नको."

मला ते हट्टाचं वाटलं. आपल्या मराठी शाळेतले मास्तर तुला आठवत होते, हे मला फार उशिरा कळलं. हिशेबाच्या तासाला तुझी पाटी अर्धी कोरी असायची, कारण पहाटेपासून तू बागेत पाणी दिलेलं असायचं. मास्तर पाटी बघत आणि म्हणत, "असू दे. तुझ्याकडून एवढंच पुष्कळ." शेजारी मी बसलेला असे, उत्तर बरोबर आलेला. मास्तर दयाळू होते अशी माझी समजूत. तू मात्र ते शब्द तीस वर्षं बरोबर घेऊन फिरत होतास. पाटीवर नाव लागावं ही तुझी हौस आहे, असंच मी धरून चाललो. खरं तर तुला एकदा, एकाच ठिकाणी, असं खेळायचं होतं की कोणाला "तुझ्या मानाने" म्हणता येऊ नये.

आपला एक वाद तसाच राहिला. गावात खादी आली होती, सभा होत होत्या, आणि मी तुला म्हणालो होतो की देश चरखा चालवतो आहे आणि तू साहेबाची काठी फिरवतोस. तू फळी खाली ठेवलीस.

"तू साहेबाच्या कायद्यावर पोट भरतं ना वकीला? मी काई म्हनतो का? अन् माह्या चेंडूले ना जात हाय ना साहेब. जथी पडला तथून मारा, एवढंच."

मी काहीतरी उत्तर दिलं, बहुधा चांगलं. आज ते आठवत नाही. तुझं आठवतं.

आता त्या दिवसाबद्दल.

सात हंगामांत तुझी सूट चोवीसावरून एकावर आली होती. शून्यासाठी एका हंगामात नऊ होलांच्या दोन फेऱ्यांची तीन कार्डं सत्तर फटक्यांत किंवा त्याच्या आत हवी होती, मार्करच्या सहीची. दोन झाली होती. फाल्गुनातला रविवार, हंगामातला शेवटचा, आणि साहेबाच्या बदलीचा हुकूम आलेला. खोपीच्या पडवीत साहेब आणि देशमुख खुर्च्या टाकून बसले होते. शेवटचा होल राहिला तेव्हा तुझे सहासष्ट झाले होते. चार फटक्यांत संपवायचं होतं.

तुझा दुसरा फटका तेलाच्या खळ्याच्या अलीकडे पाचसहा हातांवर पडला. चार-पाच दिवसांपूर्वी अवकाळी पाऊस झाला होता. ओल्या जमिनीवरून गुरं गेली होती आणि वरून ऊन तापलं होतं, त्यामुळे खुरांचे ठसे विटेसारखे भाजून निघाले होते. चेंडू अशाच एका खळग्यात बसला.

आपल्या मैदानाचा एक नियम होता. तो जगात दुसरीकडे कुठे नसेल, कारण मैदानावर एवढी गुरं दुसरीकडे कुठे चरत नसतील. खोपीच्या दारावर तो खिळ्याने ठोकलेला होता: चेंडू गुराच्या खुरात बसला तर काठीभर बाजूला घ्यावा, दंड नाही. साधा खड्डा असेल तर तिथूनच मारावा. आणि खूर की खड्डा हे खेळणाऱ्याने ठरवायचं नाही, वाकूनही बघायचं नाही. मार्करने वाकायचं, मार्करने सांगायचं. आपल्याच दाव्यात कोणी न्यायाधीश नसावा, हे साहेबाला मीच सुचवलं होतं. मला त्याचा अभिमान होता.

तू दहा पावलांवर थांबलास आणि नेहमीसारखं विचारलंस, "वकीला, खूर का खड्डा?"

मी वाकलो. खूर होता. मधोमध दुभंगलेला, दोन्ही पाकळ्या स्वच्छ उमटलेल्या. पहिलीतल्या मुलानेही ओळखला असता.

मी म्हणालो, "खड्डा."

काहून, असं तू विचारलं असतंस तर मला उत्तर देता आलं नसतं. आज देतो. त्या क्षणी मी मान वर केली आणि पडवीत साहेब पुढे सरकून बसलेला दिसला. देशमुखही. ती दोघं माणसं श्वास रोखून एका माळ्याकडे बघत होती, आणि त्यांच्या तोंडावर हसू नव्हतं. सात वर्षं मी ज्या गोष्टीवर गावाला हसवत आलो होतो ती आणखी दोन फटक्यांत हसण्याची राहणार नव्हती. मी कधी काही मनापासून करायला घेतलंच नाही, म्हणून मी कशातच हरलो नाही. आणि माणसं याला माझी बुद्धी समजत आली. तू शून्याला पोचला असतास तर माझ्याजवळ काय उरलं असतं? एवढंच कारण. याहून मोठं काहीतरी असावं म्हणून मी बरीच वर्षं शोध घेतला. नाही सापडलं.

"बरं," तू म्हणालास.

तिवसाच्या दांड्याची निब्लिक घेऊन तू चेंडूवर उभा राहिलास. बराच वेळ खाली बघितलंस. मारलंस. खळग्याच्या काठावर आपटून चेंडू दोन हात पुढे गेला. पुढच्या फटक्याने खळ्यात, होलापासून वीतभर. त्यानंतरचा आत. पाच. एकाहत्तर.

साहेब पडवीतून उतरून आला, त्याने तुझ्याशी हात मिळवला आणि आपल्या हिंदीत म्हणाला की फार वाईट नशीब. मी कार्डावर सही केली. माझी सही फार वळणदार आहे, सगळे म्हणतात.

परत येताना तू म्हणालास, "एका फटक्यानं गेलं नाई का?" मी हो म्हणालो. "जाऊ दे. तू हायस म्हनून कोनी म्हननार नाई का पुंजाजीनं सूट मांगतली." मी त्यावरही हो म्हणालो.

साहेब गेला. नवा आला तो शिकारीचा शौकीन निघाला. पाटी खोपीतून उतरवली गेली. मग लढाई लागली, रबर मिळेनासं झालं, चेंडू यायचे थांबले. तुझ्याजवळ दोन उरले होते, त्यांच्यावर तू गवत वाढलेल्या मैदानात आणखी चार वर्षं खेळलास. मी बरोबर असायचो, कार्ड आणि पेन्सिल घेऊन, जरी कार्ड कोणाला दाखवायचं राहिलं नव्हतं. त्या चार वर्षांत तू मला एकदाही "खूर का खड्डा" विचारलं नाहीस. जिथे पडला तिथून मारलंस. मला वाटलं, शून्याचा नाद सुटला. मला बरंही वाटलं.

आणि एकाहत्तराची गोष्ट मी बाररूममध्ये सांगितली. तीही.

तू गेल्यावर मला झोप लागेना म्हणून नव्हे, लोक तुझ्या दारात माझ्याकडे बघून "वकीलसाहेब त्यांचे जिवाभावाचे" म्हणू लागले म्हणून मी वहिनींकडे गेलो. अकरावा दिवस होता. त्या विहिरीजवळ मेथीच्या जुड्या बांधत होत्या. दुःख आहे म्हणून मेथी थांबत नाही. मी सगळं सांगितलं. त्या जुड्या बांधत राहिल्या.

"त्याईनं पायलं नाई का, खूर हाय म्हनून?"

"नियम नव्हता वहिनी. आणि त्याला जवळचं धूसर दिसत असे. कागद हात लांब करून वाचायचा." हे मी इतकी वर्षं माझ्या बाजूचा पुरावा म्हणून जपून ठेवलं होतं.

वहिनी थांबल्या. "डोये? परवापरवापावेतो मले सुईत दोरा ववून देत ते. कागद लांब धरत, ते तुमचं अक्षर वाचता येत नव्हतं म्हनून." मग हातातली जुडी खाली ठेवून म्हणाल्या, "भाऊजी, जलम बैलामांगं गेला त्याईचा. खूर वळखाले वाकाव लागे का त्याईले? दहा पावलाहून सांगत, कोनता बैल गेला ते."

मी धावेच्या दगडावर बसलो. दावा त्यांनी दोन वाक्यांत निकालात काढला होता: तुला दिसलं होतं.

"त्या दिवशी घरी येऊन काही बोलला होता का?" मी विचारलं.

"नाई. जेवले अन् पानी द्याले गेले." मग त्या म्हणाल्या, "तुमी सांगून हल्के झाले भाऊजी. मले कायले सांगतलं? मी कोनाले सांगू आता?"

मी खाली ठेवलेली जुडी उचलून त्यांच्या हाती दिली.

"तेरवीले सांगा," त्या म्हणाल्या. "ज्या लोकाईले हासवलं त्याईलेच सांगा. त्याईचं एक व्हायचं राह्यलं, ते झालं होतं म्हना. लोकाईले कयू द्या."

मी कबूल केलं. पुंजाजी, मी त्या दोन दिवसांत जेवढी तयारी केली तेवढी कोणत्या खटल्याचीही केली नव्हती. तू त्या दिवशीच शून्याला पोचला होतास, एवढं चारचौघांत म्हणायचं होतं. शेवटी ठरवलं, साधं बोलायचं. तीन वाक्यं.

काल तेरवीची पंगत तुझ्या बागेत बसली. अर्धा बाजार आला होता, बाररूम आली होती, देशमुख आले होते. बुंदी वाढून झाली तसा मी उभा राहिलो. कोणीतरी म्हणालं, "चूप बसा रे, वकीलसाहेब बोलून राह्यले!" सगळे माझ्याकडे तोंडं करून बसले, आधीपासूनच जरा प्रसन्न.

मी म्हणालो, "पुंजाजीचा तो एकाहत्तरावा फटका त्याचा नव्हता. चेंडू खुरात होता. मी खड्डा सांगितला."

देशमुखांनी पाण्याचा पेला खाली ठेवला. "म्हंजे वकीलसाहेब, इतकी वर्षं वऱ्हाडात राहून तुमाले खूर अन् खड्डा कयत नाई?"

पंगत हसली.

"कळत होतं," मी म्हणालो. "मी खोटं बोललो."

"वकील खोटं बोलला!" टोकाकडून कोणी ओरडलं. "आईका हो, हे तं नवीनच आईकलं!"

आता हशा थांबेना. माणसं मांडीवर थापा मारत होती, एकाला ठसका लागला, त्याच्या पाठीत गुद्दे घालावे लागले. देशमुख डोळे पुसत म्हणाले, "पुंजाजी असता तं सगळ्यात पयले तोच हासला असता." मी आणखी एकदा तोंड उघडलं. माझ्या उघडलेल्या तोंडाकडे बघून लोक पुन्हा हसले, कारण मी तोंड उघडलं की काय होतं हे त्यांना वीस वर्षं माहीत आहे. मीच शिकवलं आहे.

वहिनी वरणाचं भांडं घेऊन दाराशी उभ्या होत्या. त्या माझ्याकडे बघत होत्या, मी पुढे काय करतो ते.

मी हसलो, पुंजाजी. फार नाही. सगळे हसत होते म्हणून, थोडंसं. आणि खाली बसलो.